मशीन नंबर सहावरची आंबोशी

समस्त जनतेस, आणि विशेषेकरून बोईसर-पालघर पट्ट्यातल्या सुजाण रहिवाशांस, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की या देशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारधोरणात एकदा आंबोशीने निर्णायक भूमिका बजावलेली आहे. टीव्हीवर बसून आयात-निर्यातीवर बोलणाऱ्या एकाही तज्ज्ञाने आजवर याची दखल घेतलेली नाही. ती घेण्याची जबाबदारी, दुसरं कुणी रिकामं नसल्यामुळे, माझ्यावर येऊन पडली आहे. उभं राहण्याची आवश्यकता नाही. बसून वाचलं तरी चालेल.

आंबोशी म्हणजे कैरीच्या फोडी मीठ-हळद चोळून कडकडीत उन्हात वाळवलेल्या. पावसाळ्यात डाळीत दोन टाकल्या की चिंचेची गरज नाही, आणि बोंबलाच्या कालवणात टाकल्या की जेवणाऱ्याला उठवायला लागतं. हे एवढं लक्षात ठेवा. बाकीचं मी सांगते.

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात काम करते. हिशेब, खरेदी, विक्री, आणि नको त्या माणसाला फोनवर ‘शेठ मीटिंगमध्ये आहेत’ असं सांगणं, ही चारही खाती माझ्याकडे आहेत. आम्ही नायलॉनचा दोरा बनवतो. बारीक तंतू एकत्र करून मशीनवर त्यांना पीळ द्यायचा, आणि मग त्या दोऱ्याची किनाऱ्यावर जाळी विणली जातात. मुरब्याच्या बंदरावर जाऊन उभं राहिलं आणि वाळत घातलेल्या जाळ्यांकडे पाहिलं, की त्यात आपला दोरा कुठला ते मला लांबून ओळखता यायचं. तो माझा आवडता खेळ होता. मग एक दिवस मला तो ओळखता येईना, कारण तिथे तो नव्हताच.

बाहेरचा दोरा आला होता. कारखान्यात त्याला सगळे ‘बाहेरचा’ एवढंच म्हणायचे, जसं एखाद्या घरात पळून जाऊन लग्न केलेल्या जावयाचं नाव घेत नाहीत. जहाजातून यायचा, चकचकीत कागदात गुंडाळलेला, आणि आम्हाला कच्चा माल ज्या भावात पडायचा त्याहून खाली तयार दोरा म्हणून विकला जायचा. आधी आमची रात्रपाळी बंद झाली. मग एकेक मशीन बंद होत गेलं. आठातली तीन, म्हणजे सहा, सात आणि आठ नंबरची, इतके महिने बंद होती की त्यांच्यावर घातलेल्या प्लॅस्टिकवर धुळीने नक्षी काढली होती.

इथे मावशीचा प्रवेश होतो. मावशी बेटेगावची. आमचं कॅन्टीन तिच्याकडे होतं, म्हणजे एक गॅस, दोन पातेली आणि अमर्याद अधिकार. उन्हाळ्यात आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये भाकरी भाजून निघेल इतकं तापतं. मावशीने हे हेरलं. मार्चच्या शेवटी तिने सहा नंबरवरचं प्लॅस्टिक काढलं, मशीनवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जुनी लुगडी अंथरली आणि त्यावर आंबोशी वाळत घातली.

आमचा सुपरवायझर केसांना रंग लावणारा, शिस्तीचा माणूस. त्याच्या जिवाला ते फार लागलं.

“मावशी, हे मशीन आहे. गच्ची नाही.”

“गच्चीवर कावळं हायत,” मावशी फोडी पसरता पसरता म्हणाली. “तुझ्या मशीनकडं कावळापण येत नाय.”

सुपरवायझर दोन दिवस तिच्या हातचा चहा प्यायला नाही. तिसऱ्या दिवशी प्यायला, पण मशीनकडे पाठ करून.

त्याच सुमारास मुंबईहून एक माणूस आला. शेठने त्याला शेड दाखवली. त्या माणसाने खिशातून टेप काढली, एक टोक सुपरवायझरच्या हातात दिलं आणि शेडची लांबी मोजली. त्याला गोदाम हवं होतं. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची खोकी ठेवायला. खोक्यांना पीळ द्यावा लागत नाही, त्यामुळे मशीनही नको आणि माणसंही नकोत. टेपचं टोक हातात धरून उभ्या असलेल्या सुपरवायझरचा चेहरा मी केबिनच्या काचेतून पाहिला, आणि मला समजलं की आता नाटकाचा तिसरा अंक सुरू झालेला आहे.

शेठने मला बोलावलं. शेठ माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. वडिलांनी उभा केलेला कारखाना, वडिलांचीच खुर्ची, आणि संकट आलं की खुर्ची मागे झुकवून छताकडे बघायची वडिलांचीच सवय.

“मॅडम, तो दिल्लीवाला अर्ज. अँटी-डंपिंगचा. करूया. बाकीचे दोरेवाले पण तयार आहेत. ड्युटी लागली तर चालवू. नाही लागली, तर दिवाळीनंतर शेड त्याला देऊन टाकू.”

म्हणजे पणाला काय लागलंय ते स्पष्ट होतं. शुल्क लागलं तर दोरा, नाही लागलं तर खोकी.

अँटी-डंपिंग म्हणजे काय ते मला पहिल्यांदा वकिलाने दिल्लीहून समजावलं, आणि मी ते कॅन्टीनमध्ये मावशीला समजावलं, तेव्हा कुठे मला ते कळलं. मी तिला म्हटलं, समज, डहाणूची बाई डहाणूला ज्या भावाने चिकू विकते, त्याहून स्वस्तात बोईसरला येऊन विकते. मुद्दाम. बोईसरची चिकूवाली त्या भावाला टिकत नाही, टोपली उचलून घरी जाते. ती एकदा गेली, की डहाणूवाली पाहिजे तो भाव लावायला मोकळी. हे डंपिंग. सरकार अशा वेळी डहाणूच्या टोपलीवर जादा शुल्क बसवू शकतं. पण आधी सिद्ध करायला लागतं, की ती खरंच आपल्या घरच्यापेक्षा स्वस्त विकतेय, की बोईसरवालीचं खरंच नुकसान झालंय, आणि ते नुकसान हिच्याचमुळे झालंय, बोईसरवालीच्या तोंडाळपणामुळे नाही.

“आन सगळीकडूनच टोपल्या आल्या तर?” मावशीने विचारलं.

“म्हणजे?”

“डहाणू, घोलवड, वाणगाव. कोनाची लबाडी नाय, पन चिकूच लय आला. तरी बोईसरवाली मरनारच ना?”

त्याला सेफगार्ड म्हणतात. लबाडी सिद्ध करायची गरज नाही, अचानक लोंढा आला आणि इथला धंदा बुडायला लागला एवढं दाखवायचं. मग सगळ्यांच्याच टोपल्यांवर थोडे दिवस शुल्क, बोईसरवालीला सावरायला वेळ मिळावा म्हणून. वकिलाने मला हे दुसऱ्या बैठकीत सांगितलं होतं. मावशीला चहा उतू जायच्या आत सुचलं.

आमची केस मात्र पहिल्या जातीची होती. अर्ज केला. त्यात मी लिहिलं, आणि ते अक्षरशः खरं होतं, की मशीनं बंद पडली आहेत, गोदाम न विकलेल्या दोऱ्याने छतापर्यंत भरलं आहे, आणि माणसं कमी करावी लागली आहेत. दिल्लीने चौकशी सुरू केली.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई एकतर्फी बोलते. मुरब्याचा एक तांडेल आमचं जुनं गिऱ्हाईक. बोट त्याची, जाळी त्याची, आणि आवाज असा की जेट्टीवरून बोलला तर सातपाटीला उत्तर यावं. तो एक दिवस सरळ केबिनमध्ये आला.

“मॅडम, तुमी बाहेरच्या दोऱ्यावर टॅक्स लावायला निघालाय म्हनं.”

“हो.”

“मग माजं जालं महाग व्हनार. डिझेल महाग, बर्फ महाग. आता दोराबी. तुमच्या कारखान्याशी आमी काय लगीन लावलंय?”

“आमचा कारखाना बंद झाला, की बाहेरचा काय भावाने देईल?”

“ते तवा बघू.”

“तेव्हा बघायला आम्ही नसू.”

तो हसला, चहा प्यायला, आणि जाताना म्हणाला, “मी तर विरोध करनार. राग धरू नका.” मी धरला नाही. त्याचं म्हणणं खरं होतं. आमचंही खरं होतं. अशा वेळी दिल्लीत बसलेल्या माणसाची मला दया येते.

आणि मग निरोप आला की दिल्लीचे दोन अधिकारी प्रत्यक्ष कारखान्यात येऊन आमच्या अर्जातली एकेक गोष्ट पडताळून पाहणार.

आता आमच्या वसाहतीच्या स्वभावाबद्दल थोडं सांगणं भाग आहे, कारण पुढची आपत्ती त्यातूनच उगवली. आमच्याकडे ‘साहेब येणार’ हे दोन शब्द कानावर पडले, की माणसाचे हात आपोआप हलायला लागतात. गेटजवळच्या दगडांना चुना लागतो. कुंड्यांना गेरू लागतो. आगीच्या बादल्यांतली विड्यांची थोटकं निघून ताजी वाळू पडते. कपाटातून हेल्मेटं बाहेर येतात, त्यांच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढता. प्रदूषणवाले, बॉयलरवाले, फॅक्टरी इन्स्पेक्टर, विमावाले, सगळ्यांसाठी वर्षानुवर्षं हेच. आलेल्या साहेबाला वाटलं पाहिजे की कारखाना उत्तम चाललाय, सगळं जागच्या जागी आहे आणि इथे कुणाला काही दुखत नाही. हे आमच्या रक्तात आहे. आमच्याकडे मेलेला माणूससुद्धा साहेब आला तर उठून बसेल.

वकिलाने फोनवर मला बजावून सांगितलं होतं, जैसा है वैसा दिखाइए. मी शेठला तसंच सांगितलं.

“हो हो,” शेठ म्हणाले. “जसं आहे तसंच. फक्त जरा बरं.”

त्या ‘जरा बरं’कडे मी लक्ष दिलं नाही. मी आदले दोन दिवस बिलांच्या फायलींत मान घालून केबिनमध्ये बसले होते.

भेटीच्या सकाळी मी पालघरहून आले, रिक्षातून उतरले, आणि गेटबाहेरच थबकले. आवाज येत होता. आमच्या शेडचा तो जुना, भरदार, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घुमणारा आवाज, जो मी किती दिवसांत ऐकला नव्हता. आठही मशीनं चालू होती. क्षणभर, खोटं कशाला सांगू, मला आनंदाने रडू आलं. आणि पुढच्याच क्षणी अर्जात काय लिहिलंय ते आठवलं.

गेटवर रांगोळी. आत मशीनमशीनपाशी माणसं उभी, त्यांतल्या निम्म्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. शेजारच्या कारखान्यातून दोन तासांसाठी उसनी आणलेली. त्यांतला एक मला बघून अदबीने पुढे आला आणि म्हणाला, “मॅडम, नाश्ता कब है?” गोदामात गेले तर गोदाम रिकामं. झाडून, पुसून, उदबत्ती लावलेलं. छतापर्यंतचा सगळा माल शेजारच्याच शेडमध्ये हलवला होता, कारण, सुपरवायझरच्या शब्दांत, ‘पसारा दिसत होता’.

मी शेठना कोपऱ्यात घेतलं.

“शेठ, हे काय केलंत?”

“काय झालं? छान दिसतंय ना?”

“आपण लिहिलंय मशीनं बंद आहेत.”

“मग साहेबांना बंद मशीनं दाखवायची? चांगलं दिसतं का ते?”

“आपण लिहिलंय गोदाम भरलंय.”

शेठ छताकडे बघू लागले. वर वडील असावेत तसे.

“आपल्याला नुकसान सिद्ध करायचंय, शेठ. आपण लग्नाला उभं राहिल्यासारखे नटलोय.”

शेठच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेला, गेरू धुवून निघावा तसा. “बंद करा,” ते पुटपुटले, “मशीनं बंद करा...” आणि तेवढ्यात गेटवर गाडीचा हॉर्न वाजला.

दोघं आले. एक तरुण, लॅपटॉप छातीशी धरलेला. आणि एक बाई, माझ्याच वयाच्या, सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. त्यांनी रांगोळी ओलांडली नाही, वळसा घालून आल्या. पाणी घेतलं नाही. हार घेतला नाही. सुपरवायझर प्लॅस्टिक घातलेली हेल्मेटं घेऊन पुढे धावला, त्यांनी एक घेतलं, प्लॅस्टिक काढलं, नीट घडी करून त्याच्याच हातात दिलं आणि डोक्यावर चढवलं.

“पहले प्लांट देखेंगे,” त्या म्हणाल्या.

शेडमध्ये पाऊल ठेवून त्या उभ्या राहिल्या. एक नंबरपासून आठ नंबरपर्यंत नजर फिरवली. मग आमच्या अर्जाची प्रत उघडली आणि मोठ्याने वाचली. वाचताना त्या प्रत्येक वाक्यानंतर मान वर करून समोर बघत. तीन मशीनें महीनों से बंद. समोर आठही घुमताहेत. श्रमिकों की संख्या में भारी कमी. समोर जत्रा. शेवटी त्या माझ्याकडे वळल्या.

“मैडम, ये आवेदन इसी फ़ैक्टरी का है?”

मी बोलायला तोंड उघडलं. पण तोंडातून शब्द निघायच्या आधी त्यांची नजर सहा नंबरवर गेली होती.

सहा नंबरच्या बॉबिनवर दोरा गुंडाळला जात होता. बाकीच्या मशीनांवरचा दोरा पांढरा शुभ्र. सहा नंबरवरचा पिवळा. आणि नुसता पिवळा नाही, मध्येच गडद, मध्येच फिका, हळदीच्या कार्यक्रमातून परतलेल्या नवऱ्यामुलासारखा. त्या जवळ गेल्या. वाकल्या. बोट लावलं. बोट नाकाशी नेलं. एवढ्या वर्षांत मी अनेक सरकारी चेहरे पाहिलेत, पण एखाद्या सरकारी चेहऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“ये पीला क्यों है?”

सुपरवायझर पुढे सरसावला. “मॅडम, यह स्पेशल क्वालिटी...”

“कसली स्पेशल क्वालिटी,” मागून आवाज आला. मावशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती, आणि सकाळपासून फार रागात होती, कारण पहाटे तिची आंबोशी कुणीतरी भराभरा पोत्यात भरून कॅन्टीनच्या ओल्या मोरीशेजारी टाकली होती. “हळद हाय ती. कालपर्यंत माजी आंबोशी वाळत होती या मशीनवर. दोन महिने झाले. मशीन कुठं चालतंय रोज? आज तुमी येनार म्हनून लावलंय. आता तुमी लवकर बघून घ्या आनि जा, म्हनजे मना परत वाळत घालता येईल.”

 तरुण अधिकाऱ्याने बाईंना सगळं हिंदीत समजावून सांगितलं. तो नागपूरचा निघाला. ‘आंबोशी’ला त्याला हिंदी शब्द सापडेना, तेव्हा मावशीने ट्रे खाली ठेवला आणि पोत्यातून मूठभर आणून त्यांच्यासमोर धरली.

आता वाट एकच उरली होती, आणि ती सरळ होती. मी सुपरवायझरला म्हटलं, जी रोज बंद असतात ती बंद कर. त्याने शेठकडे पाहिलं. शेठने मान हलवली. सहा थांबलं, सात थांबलं, आठ थांबलं. मग मी उसन्या माणसांना जायला सांगितलं. ते रांगेने आमच्यासमोरून निघून गेले, शेवटचा नाश्त्याबद्दल पुन्हा विचारून. मग मी अधिकाऱ्यांना शेजारच्या शेडमध्ये घेऊन गेले आणि शटर उघडलं. तिथे आमचा दोरा छतापर्यंत रचलेला होता, काही पेट्या घाईत उलट्या ठेवलेल्या, वरच्या पेट्यांवर आमच्याच गोदामातल्या पालीची अंडी. तरुण अधिकारी मोजायला बसला. शेठ एका पेटीला टेकून उभे होते आणि पहिल्यांदाच छताकडे न बघता जमिनीकडे बघत होते.

“मैडम,” शेठ म्हणाले, “हमको लगा, आपको अच्छा दिखना चाहिए।”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हेल्मेट काढलं आणि हसल्या. आवाज न करता, खांदे हलवत.

“हम जहाँ जाते हैं,” त्या म्हणाल्या, “लोग घाटा बढ़ाकर दिखाते हैं। चलती मशीन बंद करके रखते हैं। आप पहले हैं जिन्होंने घाटा छिपाया।”

याचा अर्थ सगळं माफ, असा नव्हता. पुढचे दोन दिवस त्यांनी आम्हाला पिळून काढलं, आमच्या दोऱ्यालाही इतका पीळ नसतो. विजेची बिलं मागवली, आणि मीटर काही रांगोळीला भुलत नाही. त्यात प्रत्येक बंद मशीन स्वच्छ दिसत होतं. हजेरी पाहिली. बिलांतली एक-दोन वर्षं मागची पानं पुन्हा पुन्हा ताडून पाहिली. अर्जातलं प्रत्येक वाक्य जिथल्या तिथे बसलं. दुपारी त्या आपला डबा आपणच खायच्या, आमच्या कॅन्टीनचा घोटभर चहाही घ्यायच्या नाहीत. मावशीने जाताना आंबोशीची पुडी पुढे केली तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. “नहीं ले सकते।” मग एक पाऊल पुढे जाऊन वळून हळूच विचारलं, “हल्दी पहले या नमक?”

“मीठ आदी,” मावशी म्हणाली. “पानी सुटू द्यायचं. मग हळद.”

ते मात्र त्यांनी सोबत नेलं. त्यावर बंदी नसावी.

पुढे सुनावणी झाली. मोबाइलवर, कारण आता तसंही चालतं. आयात करणाऱ्यांच्या वकिलाने फार सुंदर इंग्रजीत मांडलं की बाहेरचा दोरा वेगळ्याच प्रतीचा आहे, त्यामुळे मच्छीमार तो घेतात, स्वस्त आहे म्हणून नव्हे. मग साक्षीला कोण आलं, तर आपला मुरब्याचा तांडेल, आमच्याविरुद्ध बोलायला. मागे जेट्टी, बोटीचं इंजिन धडधडतंय, एक कावळा मोबाइलच्या अगदी पुढ्यात बसलेला. तांडेल गरजला.

“साहेब, दोनी दोरे सारकेच. एकाच जाल्यात दोनी वापरतो मी. हा तुटला तर तो लावतो, तो तुटला तर हा. फरक नाय. फरक फकस्त भावाचा. मग मी महाग का घेऊ?”

आमच्या बाजूने याहून चांगलं कुणी बोललं नसतं. आयातदारांच्या वकिलाने चष्मा काढून पुसला. आमच्या वकिलाने काहीही बोलायचं नाही असं ठरवलं, आणि वकिलाला हे किती जड जातं ते मला स्क्रीनवर दिसत होतं.

शुल्क लागलं. फार मोठं नाही. जेवढी जखम तेवढीच पट्टी, असा आपल्याकडे या बाबतीत रिवाज आहे, म्हणजे तांडेलाचं जाळंही फाटत नाही आणि आमचा कारखानाही. आदेशाची बातमी आली तेव्हा शेठ खुर्ची मागे झुकवून बसले होते. ते उठले, शेडमध्ये गेले आणि स्वतःच्या हाताने सहा नंबरचं बटण दाबलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते उभे राहून ऐकत होते. मग सात. मग आठ. टेपवाला मुंबईचा माणूस दिवाळीनंतर आला, तेव्हा सुपरवायझरने त्याला गेटवरूनच सांगितलं की शेडची लांबी तेवढीच आहे, पण आता आत जागा नाही. हे वाक्य त्याने घरून पाठ करून आणलं होतं असा माझा संशय आहे. काही महिन्यांनी रात्रपाळी सुरू झाली. काढलेली माणसं एकेक करून परत आली. तांडेलही आला, भाव थोडा वाढला म्हणून कुरकुरला, दोरा घेतला, आणि गेल्या मोसमात बाहेरच्याने माल वेळेवर दिला नाही म्हणून त्यालाही आमच्याच केबिनमध्ये बसून शिव्या घातल्या. मी पुन्हा मुरब्याला गेले की वाळत घातलेल्या जाळ्यांत आपला दोरा शोधते, आणि तो सापडतो.

नुकसान झालं ते एकट्या मावशीचं. तिची वाळवणाची जागा गेली. ती शेठना दर उन्हाळ्यात न चुकता ऐकवते की तुमच्या शुल्कापायी माझी आंबोशी कावळ्यांनी नेली. शेठ दर उन्हाळ्यात न चुकता खाली मान घालतात. शेवटी गेल्या वर्षी त्यांनी तिला ऑफिसच्या गच्चीवर जाळी मारून दिली. आमच्याच दोऱ्याची.

असं शुल्क कायमचं नसतं. पाच वर्षांची मुदत असते, आणि ती संपत आली की पुन्हा तपासणी होते, ते उठवलं तर बाहेरचा परत येईल का, हे बघायला. आमची मुदत आता संपत आलीय. गेल्या महिन्यात पुन्हा दोन अधिकारी आले. त्यांतल्या एक त्याच बाई, केस थोडे पांढरे, शूज तसेच. या वेळी मी आदले दोन दिवस केबिनमध्ये बसले नाही. शेडमध्ये खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. चुना लागला नाही. गेरू लागला नाही. रांगोळी सुपरवायझरने काढायला घेतली होती, ती मी ठिपक्यांवरच थांबवली. आठही मशीनं घुमत होती आणि त्यांच्यापाशी आमचीच माणसं होती, कारण ती रोजच असतात. गोदामात जेवढा माल होता तेवढाच होता. मी दारात उभी राहिले, ताठ, आयुष्यात पहिल्यांदा साहेबाला दाखवायला जवळ नुसतं खरं होतं, आणि ते देखणंही होतं.

बाई शेडमध्ये आल्या. आठही मशीनांवरून नजर फिरवली. सहा नंबरपाशी जाऊन थोडा वेळ थांबल्या, दोऱ्याला बोट लावलं. पांढरा. मग काही विचारायला म्हणून त्या माझ्याकडे वळल्या, आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन मागे उभी असलेली मावशी सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात, मला म्हणाली:

“मॅडम, आदी एक सांगा. या खेपेला मशीनं चालू दाखवायचीत, का बंद?”